सोडून गेलेल्यांच्या यादीपासून सुरुवात करा

युरोपीय संसदेवर प्रबंध लिहायचा ठरवून मी 2018 साली बेल्जियमला गेले, तेव्हा सोबत दोन गोष्टी होत्या. बेळगावात वाढल्यामुळे भाषा, सीमा आणि अस्मिता यांचं राजकारण मला घरातूनच ठाऊक होतं. आणि पुण्यात राज्यशास्त्र शिकताना ‘आघाडी’ या शब्दाचा एक अर्थ डोक्यात घट्ट बसला होता. पहिल्या गोष्टीचा फार उपयोग झाला, दुसरीपायी पहिलं सत्र जवळजवळ वाया गेलं. या विषयाकडे वळणाऱ्या मराठी मुलामुलींचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझा विषय होता ग्रीन्स/ईएफए हा गट. युरोपभरचे हरित, म्हणजे पर्यावरणवादी पक्ष आणि ‘युरोपियन फ्री अलायन्स’ म्हणजे ईएफएमध्ये जमलेले प्रादेशिक पक्ष (वेगवेगळ्या काळात स्कॉटलंड, वेल्स, कॅटलोनिया, गॅलिसिया, फ्लँडर्स, कॉर्सिका अशा ठिकाणचे) 1999 पासून संसदेत एकत्र बसतात. आपल्याकडे आघाडी म्हटली की आधी आकडा आठवतो: विधानसभेत 145, लोकसभेत 272. मी तोच आकडा तिथे शोधत होते आणि तो सापडत नव्हता, कारण तिथे सत्ताधारी बाकच नाहीत. युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षाचं नाव देशांचे सरकारप्रमुख सुचवतात, संसद त्यावर मतदान करते. पण त्यानंतर कुठलाही गट ‘सरकार’ होत नाही आणि कोणी पाठिंबा काढला म्हणून रात्रीत काही कोसळत नाही. पक्षांतरबंदी कायदाही नाही. गटाच्या भूमिकेविरुद्ध मत दिलं म्हणून तिथल्या खासदाराचं पद जात नाही.

मग गट कशासाठी करायचा? उत्तर कोरडं वाटेल, पण ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सभागृहात बोलायला मिळणारा वेळ, कर्मचारी, पैसा, समित्यांमधली पदं, कायद्याच्या मसुद्यावर अहवाल लिहिण्याची संधी, हे सगळं गटांच्या ताकदीप्रमाणे वाटलं जातं. गटाबाहेरच्या खासदाराच्या वाट्याला यातलं फारच थोडं येतं. गट करायला आज किमान 23 खासदार लागतात आणि ते किमान 7 देशांतून निवडून आलेले असावे लागतात. वेल्समधल्या एका पक्षाला किंवा कॉर्सिकातल्या एका माणसाला हे एकट्याने जमणं शक्य नव्हतं.

तरी केवळ सोयीसाठी एकत्र आलो असं म्हणून चालत नाही. 1999 साली काही खासदारांनी अगदी उघडपणे तसं केलं होतं. आपल्यात राजकीय समानता नाही, फक्त सुविधांसाठी हा तांत्रिक गट आहे, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. संसदेने त्या गटाला मान्यता नाकारली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2001 मध्ये निकाल संसदेच्या बाजूने लागला. म्हणजे गटाला सोय हवी आणि काहीएक समान विचारही हवा. हरित आणि प्रादेशिक यांच्यात हा समान विचार कोणता आणि किती, हाच माझ्या अभ्यासाचा गाभा ठरला.

1999 हेच साल का, हा प्रश्न मला सुरुवातीला सुचलाच नाही. मार्गदर्शक बाईंनी विचारला तेव्हा मी गप्प बसले. ईएफए 1981 पासून होती. 1984 मध्ये हरित आणि प्रादेशिक ‘रेनबो’ नावाच्या गटात एकत्र बसले, 1989 मध्ये हरितांनी स्वतःचा वेगळा गट केला आणि प्रादेशिक मंडळी मागे उरली. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या (एसएनपी) विनी युइंग यांची कारकीर्द पाहिली की ही वणवण लक्षात येते. 1979 मध्ये त्या फ्रान्सच्या गोलवाद्यांबरोबर (जनरल द गोल यांच्या अनुयायांबरोबर) बसत, पुढे रेनबोमध्ये आल्या आणि 1994 नंतर फ्रेंच रॅडिकलांच्या गटात. पक्ष तोच, मागणीही तीच, शेजारी मात्र बदलत गेले.

1999 मध्ये ब्रिटनने युरोपीय निवडणुकीची पद्धत बदलली. त्याआधी 1989 मध्ये तिथल्या हरित पक्षाला जवळपास 15 टक्के मतं मिळूनही एकही जागा मिळाली नव्हती, कारण आपल्यासारखीच ‘ज्याला जास्त मतं तो विजयी’ ही पद्धत होती. प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं आणि इंग्लंडमधून दोन हरित, स्कॉटलंडमधून एसएनपीचे दोन आणि वेल्समधून प्लाइड कम्रीचे दोन असे सहाजण त्याच निवडणुकीत निवडून आले. नव्या संयुक्त गटाचे 48 सदस्य झाले, त्यात प्रादेशिक दहाएक होते. नव्या अभ्यासकांना म्हणूनच सांगते, जाहीरनामे वाचण्याआधी निवडणुकीचे नियम वाचा. स्पेनमध्ये सगळा देश एकच मतदारसंघ, म्हणून कॅटलान, बास्क, गॅलिशियन पक्ष मिळून यादी करतात. फ्रान्समध्ये किमान 5 टक्के मतांची अट आहे, म्हणून फ्रान्स्वा आल्फोन्सी हे कॉर्सिकन नेते 2009 आणि 2019 मध्ये हरितांच्याच यादीतून संसदेत पोहोचले. मैत्रीचा बराचसा भाग मतपत्रिकेवरच ठरलेला असतो.

आता माझी चूक सांगते. मतदानाच्या नोंदींचा तक्ता करताना मी ईएफएच्या सदस्य-पक्षांची यादी घेतली आणि त्यांचे सगळे खासदार ग्रीन्स/ईएफएमध्ये धरले. आकडेवारी विचित्र दिसू लागली. 2014 नंतर प्रादेशिक खासदार एकदम उजवीकडे सरकल्यासारखे दिसत होते. मी त्यावर आठ पानांचं स्पष्टीकरणही लिहिलं. खरं कारण इतकंच होतं की फ्लँडर्समधली एन-व्हीए ही उजवी प्रादेशिक पार्टी त्या वर्षी आपले चार खासदार घेऊन परंपरावाद्यांच्या ईसीआर गटात गेली होती, पण पक्ष म्हणून ईएफएतच राहिली होती. तिथल्या प्रत्येक खासदाराचे तीन पत्ते असतात: देशातला किंवा प्रदेशातला पक्ष, युरोपीय पातळीवरचा पक्ष आणि संसदेतला गट. तिन्ही जुळतीलच असं नाही. तक्त्यात पहिल्या दिवसापासून तीन वेगळे रकाने ठेवा, आणि तारीख हा चौथा.

ती आठ पानं फेकून देताना वाईट वाटलं, पण त्यातूनच प्रबंधाची दिशा सापडली. ही आघाडी कशावर उभी आहे हे तिच्या घोषणापत्रांवरून मला कधीच नीट कळलं नव्हतं. तिथे शाश्वत विकास असतो, लोकांचा स्वयंनिर्णय असतो आणि सगळं गोड जुळून येतं. कोण सोडून गेलं, कोण आलंच नाही आणि कोणाला घेतलं नाही, हे मांडायला लागल्यावर मात्र तिच्या भिंती कुठे आहेत ते दिसायला लागलं.

बास्क नॅशनलिस्ट पार्टी 1999 ला गटात होती, 2004 मध्ये बाहेर पडून मध्यममार्गी युरोपियन डेमोक्रॅटिक पार्टीच्या स्थापनेत सामील झाली. बास्क प्रदेशाची सत्ता दीर्घकाळ सांभाळणारा, ख्रिस्ती-लोकशाही परंपरेतला हा पक्ष. हरितांच्या शेजारी तो किती काळ रमणार होता? एन-व्हीएचं वर सांगितलंच. उलट बाजूला ईएच बिल्दू हा डावा बास्क पक्ष. 2019 आणि 2024 मध्ये त्याने कॅटलोनियाच्या एस्केरा रेपुब्लिकाना म्हणजे ईआरसीबरोबर एकच यादी लढवली, पण निवडून आल्यावर त्याचा खासदार डाव्यांच्या गटात बसला आणि ईआरसीचे ग्रीन्स/ईएफएत. कॅटलान स्वातंत्र्यवादी नेते कार्लेस पुजदेमोन आणि त्यांचे सहकारी तर 2020 च्या सुरुवातीला जागा घेतल्यापासून 2024 पर्यंत कुठल्याही गटाविना बसले. ग्रीन्स/ईएफएत ईआरसी आधीपासून होती आणि कॅटलान राजकारणात हे दोघे प्रतिस्पर्धी आहेत, हे ध्यानात ठेवून त्या काळातल्या बातम्या वाचाव्यात. लात्वियातल्या रशियन भाषकांच्या प्रतिनिधी तात्याना झ्दानोका अनेक वर्षं गटात होत्या. मार्च 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या मोजक्या 13 खासदारांत त्या होत्या, आणि त्यानंतर गटात राहिल्या नाहीत.

ही नावं एका ओळीत ठेवली की एक गोष्ट दिसते, निदान मला दिसली. ‘आम्हाला आमचं राज्य हवं’ ही मागणी गटाला चालते, अगदी स्वातंत्र्याची असली तरी. पण ती मागणी उजव्या अर्थकारणासोबत आली की टिकत नाही. म्हणजे प्रादेशिकपणा हा दरवाजा आहे, आत राहायचं ते डाव्या-हरित बाजूला झुकूनच. काही अभ्यासक याला केवळ सोयीचा संसार म्हणतात. ते मला पटत नाही. केवळ सोय असती तर एन-व्हीएला जावंसं वाटलं नसतं.

आतले ताणही बघा, विशेषतः एसएनपी 2020 पर्यंत गटात होती तेव्हाचे, मासेमारीवरून झालेले. हरितांना माशांचे साठे वाचवायचे तर युरोपीय पातळीवर कडक नियम हवेत. एसएनपीचा मात्र युरोपच्या सामाईक मासेमारी धोरणालाच जुना विरोध होता. समुद्राचा कारभार स्कॉटलंडच्या हाती असावा असं तिचं म्हणणं. दोघेही समुद्राबद्दल कळकळीने बोलतात, पण निर्णय कोणी घ्यायचा यावर वाट वेगळी होते. उत्तर समुद्रातल्या तेलाचंही तसंच: 1970 च्या दशकात ‘हे तेल स्कॉटलंडचं’ या घोषणेवर वाढलेला पक्ष आणि तेल जमिनीतच राहू द्या म्हणणारे हरित. अण्वस्त्रं म्हटली की मात्र दोघे एक. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या स्कॉटलंडमधल्या फासलेन तळावर असतात, आणि त्या नकोत हे एसएनपी आणि हरित एका सुरात सांगतात.

सगळ्यात जास्त मी रमले ते भाषांच्या प्रश्नात. युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषा आहेत. सुमारे पाच लाख लोकांची माल्टीज त्यात आहे, तिच्या अनेक पट लोक बोलतात ती कॅटलान नाही. म्हणजे कॅटलान खासदार सभागृहात उभा राहिला की स्पॅनिशमध्ये बोलतो, कारण त्याच्या भाषेसाठी दुभाषाच नसतो. आल्फोन्सी यांनी लुप्त होऊ घातलेल्या युरोपीय भाषांवर अहवाल लिहिला आणि सप्टेंबर 2013 मध्ये संसदेने तो मोठ्या बहुमताने मंजूर केला. एका बेटावरून आलेल्या माणसाला हे करता आलं ते गटामुळे, कारण अहवाल लिहिण्याची संधी गटाच्या वाट्याला येते. पण असा ठराव बंधनकारक नसतो हेही लगेच शिकून घ्या. अल्पसंख्याकांसाठीच्या ‘मायनॉरिटी सेफपॅक’ या नागरिक-पुढाकारावर 11 लाखांहून अधिक सह्या झाल्या, संसदेने डिसेंबर 2020 मध्ये पाठिंबा दिला, आणि जानेवारी 2021 मध्ये आयोगाने नवा कायदा करायला नकार दिला.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, मग ही आपल्या समितीसारखीच माणसं की!” मी तेव्हा हो म्हणाले. पुढे कळलं की एकीकरण समितीची मागणी स्कॉटलंडपेक्षा वेगळ्या जातीची आहे. तिला वेगळं राष्ट्र नको, शेजारच्या राज्यात जायचंय. तिच्याशी तुलना करायची तर जर्मनीच्या उत्तर टोकाला, डॅनिश अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यू या पक्षाकडे बघावं. 1920 च्या सार्वमतानंतर स्लेस्विग या प्रदेशातून जर्मनी-डेन्मार्क सीमा आखली गेली, काही डेन जर्मनीत राहिले, काही जर्मन डेन्मार्कमध्ये. 1955 मध्ये दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांची घोषणा केली. एसएसडब्ल्यूला निवडणुकीत 5 टक्क्यांची अट लागू नाही, आणि 2021 मध्ये त्यांचा एक सदस्य जर्मन संसदेत पोहोचला. हा पक्ष ईएफएत आहे. बेळगावच्या माणसाने हे वाचताना काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. प्रबंधात मात्र ही तुलना मी घेतली नाही. ती स्वतंत्र अभ्यासाची गोष्ट आहे आणि कोणीतरी ती करायला हवी.

कामाच्या दोनचार गोष्टी. संसदेची बैठक घरबसल्या थेट बघता येते, आणि नावनिशीवार मतदानाच्या याद्या खुल्या असतात; पुण्यात किंवा पणजीत बसूनही काम सुरू करता येईल. पण प्रत्येक मतदान नावनिशीवार नसतं. कायद्यांवरचं अंतिम मतदान तसं असतं, बाकी ठिकाणी कोणीतरी मागणी केली तरच. एरवी हात वर करून भागतं. त्यामुळे गट 95 टक्के वेळा एकत्र मत देतो अशा छापाचं वाक्य लिहिण्याआधी कुठली मतदानं मोजली आहेत ते बघा. फ्रेंच वाचता येईल इतकी तरी शिका. आणि खासदारांच्या साहाय्यकांना भेटायला मिळालं तर ‘तुमची आघाडी का टिकते’ असं विचारू नका, सगळे एकच उत्तर देतात. ‘शेवटचं भांडण कशावरून झालं’ असं विचारा. मला एका साहाय्यकाने त्यावर तासभर दिला.

29 जानेवारी 2020 ला ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या करारावर मतदान झालं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून आम्ही सहाजण ते बघत होतो. सभागृहातले खासदार हात धरून गात होते. दोन दिवसांनी ग्रीन्स/ईएफएचे 11 जण गेले: इंग्लंडमधले 7 हरित, एसएनपीचे 3 आणि प्लाइड कम्रीची 1. ज्या ब्रिटनच्या नव्या मतपद्धतीने 1999 मध्ये हा गट उभा राहायला मदत झाली, त्याच ब्रिटनमधून आलेला सगळा भाग एका रात्रीत गळाला. माझ्या तक्त्यात त्या 11 ओळी 31 जानेवारीला संपतात.

आज कोणी नव्याने सुरुवात करत असेल तर 2024 घ्या. 720 पैकी 53 खासदार गटात आले, व्होल्ट हा सगळ्या युरोपात एकाच नावाने लढणारा पक्षही त्यात सामील झाला. प्रादेशिक पक्षांच्या शेजारी बसायला त्याच्याइतका वेगळा शेजारी सापडणं कठीण. आणि स्पेनच्या दोन याद्या बघा. ईआरसी, बिल्दू, गॅलिसियाचा बीएनजी यांच्या यादीतून तिघे आले: दोघे ग्रीन्स/ईएफएत, एक डाव्यांत. सुमार या आघाडीतूनही तिघे आले: वॅलेन्सियाच्या कोंप्रोमीसचे विसेंट मार्झा आणि कॅटलोनियातले जाउमे आसेन्स ग्रीन्स/ईएफएत, तिसऱ्या बाई डाव्यांत. मतदाराने एका यादीला मत दिलं आणि ते दोन गटांत वाटलं गेलं. या सहा जणांची पाच वर्षांची मतं एका तक्त्यात मांडा, तीन पत्ते आणि तारीख यांसकट.