चारचौघांत चेहऱ्यावर येणारा घाम: काय लावायचं, काय घ्यायचं, काय सोडायचं

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घाम कोणालाही फुटतो. त्याला औषध नको. पण जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत थंडी असताना, काकांनी सगळ्यांसमोर "सध्या काय चाललंय?" एवढं विचारलं तरी कपाळ डबडबत असेल, तर तो घाम भीतीचा. असा घाम सहसा झोपेत येत नाही. रात्री अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल किंवा कायम धडधड असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

लावायच्या औषधांत पहिलं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. ते घामाच्या नळीचं तोंड तात्पुरतं बंद करतं. काखेसाठी 20 टक्क्यांचं मिळतं. चेहऱ्याला त्वचारोगतज्ज्ञांना विचारून साधारण 10 टक्क्यांपासून सुरू करा. आधी कानामागे थोडं लावून बघा. मग झोपताना चेहरा धुऊन, टिपून, पंख्याखाली पूर्ण कोरडा करा आणि कापसाने कपाळावर, केसांच्या कडेला पातळ हात फिरवा. डोळ्यांपासून लांब ठेवा. सुरुवातीला एक दिवसाआड लावा, सकाळी धुवा. फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. बहुतेकांची आग होते ती ओल्या कातडीवर लावल्यामुळे, कारण पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होतं. दाढी केली त्या रात्री तर लावूच नका.

ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या अंगभरचा घाम कमी करतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आपल्याकडचा खरा धोका वेगळाच: घाम थांबला की अंग थंड व्हायचा मार्गही बंद. पारा 42 ला असताना ही गोळी घेऊन दुपारी उन्हात फिरणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

भाषण, मुलाखत अशा ठरलेल्या प्रसंगापुरतं काही डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात. धडधड आणि थरथर कमी होते, घामावर मात्र भरवसा नाही. दमा असेल तर ती नकोच.

एवढं करूनही भीती तशीच राहिली तर घाम परत येतो. सतत रुमाल फिरवणं, पंख्याखालचीच जागा धरणं, कपाळावर केस ओढणं हे सगळं भीतीला खतपाणी घालतं, कारण लक्ष चेहऱ्यावरून हलतच नाही. सोलापुरी टॉवेलने खसाखसा पुसलं तर चेहरा लाल होतो, तो वेगळाच. टिपा, तेही एकदाच.

मानसोपचारात एक प्रयोग करून घेतात. कपाळावर मुद्दाम पाणी शिंपडा आणि नवी पेठेतल्या दुकानात चादरीचा भाव विचारा. जाण्याआधी कागदावर लिहा: दुकानदार काय म्हणेल? आल्यावर तो खरंच काय म्हणाला ते खाली लिहा. बहुतेकदा तो भावच सांगतो. मग पायरी वाढवा: दोन-तीन प्रश्न, घासाघीस, शेवटी काही न घेता बाहेर पडणं. एकाच पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत थांबा; घाई केली की लोक प्रयोगच सोडून देतात.

घाम थांबवणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो, पण कपाळावर टोचताना भुवई खाली उतरू शकते. छातीतला घामाचा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी: चेहरा कोरडा होतो आणि पाठ, पोट निथळायला लागतं, ते कायमचं राहू शकतं.

सिव्हिलमध्ये त्वचा आणि मानसोपचार या दोन्ही ओपीडींना दाखवा. 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन मोफत आहे. भीतीसाठी सर्ट्रालिनसारखी गोळी सुरू झाली आणि घाम उलट वाढला, तर ती मनाने बंद करू नका. हा त्या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देतात.