कुंपणाचे खड्डे ऑगर मशीनने खोदताना

आधी जमिनीखाली वीज, पाणी किंवा गॅसची लाइन आहे का, याची संबंधितांकडून खात्री करून घ्या. अंदाजाने खोदू नका. खांबाच्या एकूण लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत जायला हवा: 6 फुटी खांबाला 2 फूट खड्डा. तेवढ्या खोलीची खूण बिटवर (मशीनच्या फिरणाऱ्या मळसूत्री पात्यावर) रंगाने करून ठेवा.

ओढणी, उपरणं, सैल बाह्या, कडं नको. जाड तळाचे बूट, गॉगल आणि कानाला संरक्षण हवंच. दोन माणसांचं मशीन एकट्याने धरू नका.

पाय फाकवून उभे राहा, हँडल अंगाजवळ घ्या आणि थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा खटका) हळूहळू द्या. 15-20 सेंटिमीटर खोदलं की बिट फिरतं ठेवूनच वर उचला, माती बाहेर पडू द्या. इथेच घाई होते. एका दमात खाली गेलात की वरच्या मातीच्या भाराने बिट स्क्रूसारखं रुतून बसतं.

खरा धोका मुळाचा आणि दगडाचा. बिट अडकलं की मशीनच उलट फिरू पाहतं. हँडल बरगडीवर किंवा मनगटावर जोरात बसतं. धक्का जाणवताच थ्रॉटल सोडा, इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा, मग पाइप पान्याने बिट उलटं फिरवून सोडवा. दगड पहारीने काढा. बिटला चिकटलेली माती चालू मशीनवर पायानेसुद्धा झटकू नका.

खांब लगेच बसणार नसेल तर खड्ड्यावर जड फळी टाका.