जुन्या गाडीला स्वस्तात प्लग वायर घेताना काय बघायचं

गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे इंजिन मधेच अडखळायला लागलं, की आपण आधी स्पार्क प्लग बदलतो, तरी तेच, मग कुठे प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या वायरींकडे लक्ष जातं. पण लगेच नवीन सेट आणायला धावू नका. अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रेच्या बाटलीने हलका फवारा मारा, कुठे निळी ठिणगी नाचली किंवा टिकटिक आवाज आला तर तिथलं इन्सुलेशन गेलंय. हात लांब ठेवा हं, आत २०,००० व्होल्टच्या वर असतं. मग इंजिन बंद करून मल्टीमीटरने एकेक वायर मोजा. साध्या कार्बन कोरच्या (आत कार्बनचा गाभा असलेल्या) वायरीत दर फुटाला काही हजार ओहम रेझिस्टन्स असतोच, लांब वायरला जास्त, त्याची काळजी नको, पण लांबीच्या मानाने एखादीच फार वर गेली किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर ती संपली.

आता घ्यायचं काय. जाड आणि लालभडक वायर बघून भुलू नका. ७ मिमी आणि ८ मिमी यात बहुतेक फरक नुसत्या वरच्या आवरणाचा, जाड घेतली म्हणून ताकद वाढत नाही, उलट मूळ क्लिपात बसत नाही ती वेगळीच कटकट. पैसे घालायचेच तर सिलिकॉनच्या आवरणावर घाला, कारण वायर मरते ती उष्णतेने, आणि साधं रबर एक्झॉस्टजवळ कडक होऊन तडकतं. आतली कोर कार्बनची स्वस्त असते आणि रोजच्या गाडीला पुरते, तारेचं स्पायरल वळण असलेली जास्त टिकते, बजेटमध्ये बसली तर ती घ्या. नुसत्या तांब्याच्या तारेची मात्र टाळा, रेडिओत खरखर येते आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्यालाही त्रास होऊ शकतो.

आणि जुन्या गाडीत खरी फसगत होते ती टोकांची. डिस्ट्रिब्युटर (एकेका प्लगला पाळीने वीज वाटणारा भाग) कॅपचं टर्मिनल खोबणीचं आहे की वर आलेल्या खुंटीचं, प्लगकडचा बूट (वायरीच्या टोकाची रबरी टोपी) सरळ हवा की काटकोनी, हे जुनी वायर हातात घेऊन जुळवा, कारण मधे कधीतरी कोणी कॅपच दुसऱ्या प्रकारची बसवलेली असू शकते, मग नुसतं मॉडेल सांगून आणलेला सेट बसतच नाही. कॉइलपासून कॅपच्या मध्यापर्यंत जाणारी मधली वायर सेटमध्ये आहे का तेही बघा, ती बऱ्याचदा वेगळी घ्यावी लागते. हव्या त्या मापात कापायचे युनिव्हर्सल सेट स्वस्त दिसतात पण टर्मिनल नीट क्रिंप झालं नाही, म्हणजे वायरवर दाबून घट्ट बसलं नाही, तर परत मिसिंग, म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर तयार मापाचाच घ्या.

बसवताना सगळ्या एकदम उपटू नका, एक काढा एक लावा, नाहीतर फायरिंग ऑर्डर (कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी जाते तो क्रम) शोधत बसाल. इंजिन थंड असू द्या. वायर धरून ओढायची नाही, बूट धरून थोडा पिळायचा मग ओढायचा. बुटात आतून थोडंसं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी चिकटून फाटत नाही. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा आणि वायर एक्झॉस्टला टेकत नाही ना ते बघून मगच बॉनेट लावा. जुन्यातली त्यातल्या त्यात बरी, लांब वायर डिकीत टाकून ठेवा, मी ठेवतो.