सीटी-एमआरआयची सीडी कॉम्प्युटरवर नीट कशी बघायची

किनवटचा पेशंट नांदेडला, औशाचा लातूरला, गेवराईचा संभाजीनगरला सीटी करून येतो. पुढच्या डॉक्टरांना मात्र फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो जातो आणि सीडी पिशवीतच राहते. फिल्मवर निवडक कापच (स्लाइस) छापलेले असतात. सगळे काप सीडीत असतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात सीडी उघडता आलीच पाहिजे.

वीसिस (Weasis) हा मोफत व्ह्यूअर, म्हणजे ही चित्रं बघायचा प्रोग्रॅम, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. आधी अख्खी सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करा. डायकॉमडिर (DICOMDIR) नावाची फाइल ही नुसती यादी असते. चित्रं बाजूच्या फोल्डरांत असतात आणि त्यांना बहुतेकदा एक्स्टेंशनही नसतं. एकटी डायकॉमडिर आणली तर पेशंटचं नाव दिसेल, चित्र उघडणार नाही. सीटीचा एक काप 512 × 512 पिक्सेलचा, साधारण अर्धा एमबी. 300 काप म्हणजे 150 एमबी. फोल्डर 5 एमबीचा भरला तर कॉपी अर्धवट झाली आहे. सीडीवर चरे आहेत का बघा.

उघडल्यावर आधी नाव, वय, तारीख ताडून घ्या. आडव्या कापात स्क्रीनची डावी बाजू ही पेशंटची उजवी बाजू असते.

आता विंडो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा (हाउन्सफिल्ड) असतो: हवा −1000, पाणी 0, हाड कित्येक शे. एवढा पल्ला डोळ्याला एकदम दिसत नाही, म्हणून त्यातला एक पट्टाच दाखवला जातो; तीच विंडो, आणि ती रुंदी व मध्य या दोन आकड्यांनी ठरते. छातीचा सीटी रुंदी 400, मध्य 40 वर उघडला तर फुप्फुस नुसतं काळंकुट्ट दिसतं. तोच काप 1500, −600 वर न्या: बारीक रक्तवाहिन्यांच्या फांद्या आणि असली तर गाठही दिसू लागते. मेंदूसाठी 80, 40. हाडासाठी 2000, 500. एमआरआयला हे आकडे लागू नाहीत, तिथे माऊस ओढून जुळवा.

सीटी-एमआरआयवर व्ह्यूअरमधल्या पट्टीचं माप मिलिमीटरमध्ये येतं. एक्स-रेवर अवयव प्लेटपासून लांब असला की सावली मोठी पडते, म्हणून मार्कर (सोबत ठेवलेली ठरावीक मापाची वस्तू) नसेल तर त्या मापावर ऑपरेशनचं इम्प्लांट ठरवू नका. फोटोवरून तर माप निघतच नाही. उभे काप हवे असतील तर सेंटरला 1 मिमीच्या आसपासची पातळ सिरीज मागा. 5 मिमीच्या कापांतून बनवलेलं चित्र पायऱ्या-पायऱ्यांचं दिसतं.

पुढे पाठवताना फोल्डरची झिप करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचाच धरा. ग्रुपवर टाकायचं असेल तर ॲनॉनिमाइज करूनच, म्हणजे फाइलच्या टॅगमधली (चित्रासोबत साठवलेली माहिती) पेशंटची ओळख पुसूनच टाका. सोनोग्राफीत नाव चित्रावरच उमटलेलं असतं, ते टॅग पुसून जात नाही. तेवढा भाग वेगळा झाकावा लागतो.