एलसीडी पिक्सेलच्या पेटंट अर्जाचं परीक्षण कसं करावं

एलसीडी पिक्सेलच्या अर्जातल्या आकृत्या फार बोलक्या असतात, आणि नव्या परीक्षकाची पहिली चूक तिथेच होते. आकृती आधी पाहिली की डोक्यात एक पूर्ण पिक्सेल तयार होतो. मग क्लेम, म्हणजे अर्जदारानं ज्यावर हक्क मागितलाय त्याचं वर्णन, वाचताना त्यात नसलेल्या गोष्टीही दिसू लागतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी फक्त पहिला स्वतंत्र क्लेम वाचा आणि पेन्सिलीनं दोन चित्रं काढा, एक वरून दिसणारं आणि एक काटछेदाचं. क्लेमात जे लिहिलंय तेवढंच काढायचं, आणि जिथे शब्द गप्प आहेत तिथे कागद कोरा सोडायचा.

उदाहरणासाठी असा क्लेम घेऊ: एक गेट लाइन, तिला छेदणारी डेटा लाइन, दोन्हींना जोडलेला टीएफटी, टीएफटीच्या ड्रेनला जोडलेला पिक्सेल इलेक्ट्रोड, आणि मध्ये इन्सुलेटिंग थर ठेवून डेटा लाइनवर पसरलेला, तिच्यापेक्षा रुंद असा, कॉमन लाइनला जोडलेला शील्ड इलेक्ट्रोड. गेट लाइन ओळ निवडते, डेटा लाइन पिक्सेलचा व्होल्टेज आणते, टीएफटी (थिन-फिल्म ट्रान्झिस्टर) हा त्यांच्यामधला स्विच, कॉमन लाइन सगळ्या पिक्सेलना सामायिक व्होल्टेज देते आणि शील्ड डेटा लाइनचं विद्युतक्षेत्र अडवतो.

आता चित्रात काय कोरं राहिलं ते पाहा. शील्ड कोणत्या थरात आहे हे सांगितलेलं नाही. तो किती रुंद आहे, हेही नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो डेटा लाइनच्या दोन्ही कडांबाहेर गेला पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नाही. एका बाजूला सरकलेला, दुसरी कड उघडी ठेवणारा रुंद शील्डही या क्लेमात बसतो. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, मात्र दोन्ही कडांच्या विद्युतक्षेत्राला अडवल्याचा फायदा सांगितलेला असतो. क्लेम आणि फायदा यांच्यातली ही फट परीक्षणाच्या शेवटपर्यंत कामी येते, म्हणून ती आत्ताच समासात लिहून ठेवा. चित्रात लिक्विड क्रिस्टलचा थरही नसेल, तर ओएलईडी पॅनल किंवा क्ष-किरण डिटेक्टरची टीएफटी पाटीही प्रायर आर्ट (आधीपासून ज्ञात तंत्रज्ञान) म्हणून तपासावी लागते. गेट लाइन, डेटा लाइन, टीएफटी आणि कपॅसिटर हे सारं तिथेही असतं.

शब्दांची तपासणी

चार-पाच शब्द या क्षेत्रात कायम त्रास देतात. ‘वर’ म्हणजे लागून वर, की मध्ये थर असला तरी चालेल? व्याख्या दिलेली नसेल तर व्यापक अर्थ धरा. ‘ओव्हरलॅप’ म्हणजे पूर्ण की थोडासा? थोडासाही चालतो असं धरून शोध घ्या. ‘जोडलेला’ म्हणजे थेट, की टीएफटीमार्फत, की कपॅसिटरमार्फत? ‘पिक्सेल’ म्हणजे लाल-हिरवा-निळा मिळून एक, की त्यातला एकच सबपिक्सेल? एकाच अर्जात हे दोन्ही अर्थ मिसळलेले असतील तर स्पष्टतेची हरकत लगेच नोंदवा.

सोर्स आणि ड्रेनच्या नावांवर मुळीच विसंबू नका. लिक्विड क्रिस्टलला एकाच दिशेचा व्होल्टेज सतत देता येत नाही, त्याची ध्रुवता दर फ्रेमला उलटते. त्यामुळे टीएफटीचं कोणतं टोक सोर्स आणि कोणतं ड्रेन, हेही प्रत्यक्षात बदलत राहतं. काही जपानी कागदपत्रांत डेटा लाइनलाच ड्रेन लाइन म्हटलेलं असतं आणि पिक्सेलकडच्या टोकाला सोर्स. तुलना करताना नाव बाजूला ठेवून फक्त काय कशाला जोडलंय ते पाहा.

फायद्याचा दावा आकड्यांत तपासा

शोध सुरू करण्याआधी अर्धा तास फायद्यावर घालवा. पिक्सेलमधली बहुतेक रचना तीन-चार दुखण्यांसाठी असते: किकबॅक, क्रॉसटॉक (शेजारच्या सिग्नलची ढवळाढवळ), प्रकाश गळणं आणि अपर्चर (पिक्सेलमधला प्रकाश जाऊ देणारा भाग) कमी होणं. दुखणं ओळखलं की शोधाची दिशा सापडते.

किकबॅकचं गणित सोपं आहे. गेट बंद होताना व्होल्टेज झटकन खाली येतो आणि गेट-ड्रेनमधल्या नकोशा कपॅसिटन्समधून पिक्सेललाही खाली ओढतो. ही घसरण म्हणजे गेट-ड्रेन कपॅसिटन्स गुणिले गेट व्होल्टेजमधला बदल, भागिले पिक्सेलचा एकूण कपॅसिटन्स. समजा गेटचा बदल २५ व्होल्ट, गेट-ड्रेन ०.०२ पिकोफॅरड, लिक्विड क्रिस्टल ०.२ आणि पिक्सेलचा व्होल्टेज टिकवणारा स्टोरेज कपॅसिटर ०.२८. एकूण ०.५ होतात, म्हणजे घसरण १ व्होल्ट. स्टोरेज दुप्पट केला तर एकूण ०.७८ आणि घसरण साधारण ०.६४ व्होल्ट. कॉमन व्होल्टेज सरकवून ही घसरण भरून काढता येते, पण पूर्ण नाही, कारण लिक्विड क्रिस्टलचा कपॅसिटन्स राखाडी छटेनुसार बदलतो. उरलेल्या फरकातून फ्लिकर (पडद्याची लुकलुक) येतो आणि प्रतिमा चिकटून राहते.

हे गणित हाताशी असलं की ‘स्टोरेज कपॅसिटर वाढवल्यानं अनपेक्षितपणे फ्लिकर कमी झाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. ते अपेक्षितच होतं. याउलट, एखाद्या अर्जात ड्रेनची पट्टी गेटच्या दोन्ही कडा ओलांडून नेली असेल, तर नीट थांबून विचार करा. मोठ्या काचेवर एक्सपोजर (प्रकाशानं नक्षी उमटवणं) अनेक तुकड्यांत होतो आणि थर एकमेकांवर किंचित सरकतात. साध्या रचनेत सरकण्याबरोबर ओव्हरलॅपचं क्षेत्र बदलतं, घसरण तुकड्यागणिक वेगळी होते आणि पडद्यावर चौकोनी डाग दिसतात. दोन्ही कडा ओलांडणाऱ्या पट्टीत एका बाजूला जेवढं कमी होतं तेवढं दुसरीकडे वाढतं. इथे आकार आणि फायदा यांचं नातं खरं आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की हे आधी कुणी केलंय का.

वेळेचंही भान ठेवा. ६० हर्ट्झला १०८० ओळी असतील तर एका ओळीला सुमारे १५.४ मायक्रोसेकंद मिळतात. १२० हर्ट्झला २१६० ओळी असतील तर ३.९ च्या आसपास. शील्ड रुंद केला की डेटा लाइनवरचा कपॅसिटन्स वाढतो, सिग्नल मंदावतो आणि पिक्सेल पूर्ण चार्ज होत नाही. म्हणजे रुंदी वाढवणं फुकट नाही. शील्ड रुंद करणं सहज सुचणारं आहे असं लिहिताना ही किंमतही विचारात घ्यावी लागते.

शोध

आधी त्याच अर्जदाराचे आणि त्याच संशोधकांचे जुने अर्ज पाहा. या क्षेत्रात एकाच रचनेचे दहा-दहा अर्ज थोड्या-थोड्या फरकानं येतात आणि सर्वांत जवळचा कागद अनेकदा तिथेच मिळतो. नंतर त्याच कुटुंबातल्या, म्हणजे त्याच शोधासाठी केलेल्या, परदेशी अर्जांचे शोध अहवाल पाहा. मग वर्गीकरणाकडे वळा.

सीपीसी या पेटंट वर्गीकरणात या विषयाचं घर म्हणजे जी०२एफ १/१३६२ आणि त्याखालच्या शाखा. स्टोरेज कपॅसिटरसाठी १/१३६२१३, शील्ड इलेक्ट्रोडसाठी १/१३६२१८, इन्सुलेटरमधून पिक्सेल इलेक्ट्रोडला जोडणाऱ्या छिद्रांसाठी १/१३६२२७, वायरिंगसाठी १/१३६२८६, एका पिक्सेलमध्ये एकाहून जास्त स्विच असतील तर १/१३६२४. आडव्या क्षेत्राच्या इलेक्ट्रोडसाठी १/१३४३६३ आणि उंचवटे किंवा खाचांनी क्षेत्र वाकवणाऱ्या रचनांसाठी १/१३३७०७. अपर्चर वाढवण्याचा उद्देश असेल तर जी०२एफ २२०१/४० हा जोडकोडही लावा. टीएफटी पाटीची अर्धवाहक बाजू पूर्वी एच०१एल २७/१२ खाली होती, २०२५ पासून ती एच१०डी ८६ मध्ये गेली आहे. त्यामुळे दोन्हीकडे पाहा. जपानी कागदांसाठी एफ-टर्म या जपानी वर्गीकरणात २एच०९२ आणि २एच१९२ हे विषय उघडावे लागतात.

शब्दांनी शोधताना समानार्थी शब्द सोडलेत तर शोध अपुराच राहतो. गेट लाइन म्हणजेच स्कॅन लाइन. डेटा लाइन म्हणजेच सोर्स लाइन, सिग्नल लाइन किंवा ड्रेन लाइन. स्टोरेज कपॅसिटरला ऑक्झिलरी, अ‍ॅडिशनल, होल्डिंग अशीही नावं आहेत. कॉमन इलेक्ट्रोडला काउंटर म्हणतात. उंचवट्याला प्रोट्रूजन, रिब किंवा बँक. शब्दांची जाळी कमी पडली की आकृत्या भराभर चाळा. पिक्सेलची ओळख वरच्या दृश्यात होते आणि सरावलेला डोळा एका कागदाला काही सेकंदच देतो.

नावीन्य

प्रत्येक घटकासमोर डी१ (शोधात सापडलेला सर्वांत जवळचा कागद) मधला आकृती क्रमांक, संदर्भ अंक आणि परिच्छेद लिहा. एक जरी रकाना ‘बहुधा’वर राहिला तरी नावीन्याची हरकत घेऊ नका.

दोन सापळे इथे नेहमी असतात. पहिला मापाचा. पेटंटमधल्या आकृत्या प्रमाणात आहेत असं लिहिलेलं नसेल तर त्यांच्यावर पट्टी लावून माप काढता येत नाही. ‘शील्ड डेटा लाइनच्या १.५ पट रुंद’ हे आकृती मोजून सिद्ध होत नाही. पण शील्ड दोन्ही कडांबाहेर गेलाय, हे नातं आकृतीत स्पष्ट दिसत असेल आणि मजकूर त्याला छेद देत नसेल, तर ते धरता येतं.

दुसरा सापळा न लिहिलेल्या कपॅसिटरचा. एफएफएस (फ्रिंज-फील्ड स्विचिंग) रचनेत पिक्सेल आणि कॉमन इलेक्ट्रोड पातळ इन्सुलेटरच्या दोन बाजूंना एकमेकांवर असतात, म्हणून तिथे स्टोरेज कपॅसिटर आपोआप तयार होतो. डी१ मध्ये ‘स्टोरेज’ हा शब्द नसला तरी तो घटक तिथे अपरिहार्यपणे आहे. फक्त तसं कारणासह लिहा. आयपीएसमध्ये (इन-प्लेन स्विचिंग) हा तर्क जसाच्या तसा लावू नका, कारण तिथे इलेक्ट्रोड शेजारी-शेजारी असतात आणि कपॅसिटरसाठी अनेकदा वेगळा ओव्हरलॅप दिलेला असतो.

आकड्यांच्या पट्ट्यात डी१ मधला एक ठोस बिंदू पडला की नावीन्य गेलं. क्लेमात इलेक्ट्रोडमधल्या खाचांचा कोन ५ ते १५ अंश आणि डी१ च्या उदाहरणात १० अंश, एवढं पुरतं. मात्र तो कोन कशाशी मोजलाय, हे दोन्हीकडे एकच आहे ना, ते पाहा. रबिंगच्या (रेणूंची मूळ दिशा ठरवणाऱ्या घासण्याच्या) दिशेशी मोजलेला कोन आणि डेटा लाइनशी मोजलेला कोन यांत मोठा फरक पडू शकतो.

याच कोनातून समर्थनाची, म्हणजे क्लेमाच्या व्याप्तीला वर्णनाचा आधार नसल्याची, हरकतही निघते. धन डायइलेक्ट्रिक अनिसोट्रॉपीचे रेणू क्षेत्राच्या दिशेनं वळतात आणि ऋण असलेले क्षेत्राला काटकोनात जातात. रबिंग जवळजवळ खाचांच्या दिशेत असेल तर धन पदार्थ चांगला फिरतो. ऋण पदार्थ मात्र आधीच आपल्या शेवटच्या जागेजवळ असतो आणि फारसा हलतच नाही. क्लेम पदार्थाबद्दल गप्प असेल तर अर्ध्या व्याप्तीत सांगितलेला फायदा मिळत नाही, हे अर्जदाराला स्पष्ट सांगा.

इन्व्हेंटिव्ह स्टेप

इथे प्रश्न असा की डी१ पासूनचा फरक जाणकाराला सहज सुचला असता का. आपल्या उदाहरणात समजा डी१ मध्ये सगळं आहे, पण शील्ड डेटा लाइनएवढाच रुंद आहे. फरक फक्त रुंदीचा. फायदा काय? कडेचं क्षेत्र अडवलं जातं, त्याच्याजवळचे रेणू वेडेवाकडे वळत नाहीत, प्रकाश गळत नाही आणि वरच्या काचेवरची काळी पट्टी अरुंद करता येते. समस्या त्यातूनच मांडा, पण उत्तराचा इशारा त्यात येऊ देऊ नका. ‘शील्ड रुंद कसा करावा’ ही समस्या नव्हे. ‘डेटा लाइनच्या कडेची गळती कशी कमी करावी’ ही समस्या.

आता डी२, म्हणजे जोडीला घ्यायचा दुसरा कागद, शोधायचा तो हीच गळती हाताळणारा. डी२ मध्ये आयपीएस पिक्सेलवर सेंद्रिय थर ठेवून कॉमन इलेक्ट्रोड डेटा लाइनच्या दोन्ही बाजूंना पुढे नेला असेल आणि कारण तेच दिलं असेल, तर जोडणी पक्की होते. डी१ मध्ये नुसता पातळ सिलिकॉन नायट्राइड असेल तर मात्र सावध राहा. सेंद्रिय थर साधारण २ ते ३ मायक्रोमीटर जाड असतो आणि त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांकही नायट्राइडच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून तिथे रुंद शील्ड परवडतो. पातळ नायट्राइडवर तोच शील्ड डेटा लाइनला जड होतो. मग डी२ मधून फक्त रुंदी उचलायची की थरासकट सगळं, याचं उत्तर अहवालात द्यावंच लागतं. व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) पिक्सेलचे उंचवटे उचलून एफएफएसमध्ये बसवणाऱ्या हरकती इथेच कोसळतात. रेणू उभे असताना त्यांना कुठे झुकायचं ते उंचवटा ठरवतो. रेणू आडवे असलेल्या पिक्सेलमध्ये त्याला ते कामच नसतं.

अहवाल आणि दुरुस्ती

सुरुवातीला समासात लिहिलेली फट आता वापरा. शील्ड दोन्ही कडांबाहेर जातो हे क्लेमात नसल्यानं फायदा पूर्ण व्याप्तीला लागू होत नाही, असं एका वाक्यात लिहा. अर्जदार बहुधा तेच वैशिष्ट्य क्लेमात आणेल आणि पुढचा वाद नेमका होईल. अवलंबित (दुसऱ्या क्लेमावर आधारलेले) क्लेमही एकेक करून निकाली काढा. ‘इतर क्लेमही ज्ञात आहेत’ एवढ्यावर भागवू नका.

खाचांचा आकार आणि टीएफटीचा आकार असे दोन स्वतंत्र गट असतील आणि त्यांना जोडणारा सामायिक पिक्सेल डी१ मध्ये सापडला असेल, तर एकत्वाची (एका अर्जात एकच शोध असावा, ही) हरकत पहिल्याच अहवालात घ्या.

दुरुस्ती आल्यावर नवा प्रत्येक शब्द मूळ अर्जात शोधा. ‘दोन्ही बाजूंना समान अंतरानं’ हे केवळ आकृती सममित दिसते म्हणून आलं असेल, तर मूळ मजकुरात आधार आहे का ते पाहा. प्रायर आर्टच्या आकृतीवर तुम्ही पट्टी लावली नाही, तशी अर्जदारालाही स्वतःच्या आकृतीवर लावता येत नाही. आधार सापडला तर क्लेमचं चित्र पुन्हा कोऱ्या कागदावर काढा, फक्त नव्या शब्दांवरून, आणि डी१ शेजारी ठेवा.