बाल न्याय मंडळापुढे जाताना मुलाच्या वह्या सोबत न्या

गुन्ह्याच्या आरोपात सापडलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत निरीक्षणगृहात ठेवतात; त्यांची प्रकरणं बाल न्याय मंडळ बघतं. तिथल्या मुलांना मी वाचायला शिकवते. भेटीला येणाऱ्या आईबापांच्या पिशवीत आधार कार्ड असतं, रेशन कार्ड असतं. मी विचारते, वह्या कुठायत?

मागच्या पावसाळ्यात मोबाइल चोरीत सापडलेला आठवीतला एक मुलगा आला. 'घर'चं 'धर', 'मदत'चं 'मतद', फळ्यावरून उतरवताना दोन ओळी गायब. तोंडी हिशेब मात्र झटपट. वहीभर लाल शाईत एकच शेरा: 'लक्ष नाही'. वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली की हसं व्हायचं, म्हणून तो स्टेशनवर जाऊन बसायला लागला. तिथल्या मोठ्या पोरांनी त्याला कधी वाचायला लावलं नाही. अध्ययन अक्षमतेमुळे, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणित अवघड जाण्यामुळे, कुणी चोर होत नाही. पण शाळेतून पळणारं पोर कुणाच्या हाती लागतं, ते मी रोज बघते.

म्हणून घरी जा आणि पहिलीपासूनच्या मिळतील तेवढ्या वह्या, प्रगतिपुस्तकं गोळा करा. खाडाखोड असलेली पानं फाडू नका, तीच कामाची. ती परिविक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे मुलाच्या घरची-शाळेची माहिती काढणाऱ्या अधिकाऱ्यांना, दाखवा. मंडळासाठी सामाजिक तपासणी अहवाल तेच लिहितात, त्यात शाळेबद्दलचा रकाना असतो. 'अभ्यासात कच्चा' एवढंच लिहून घेऊ नका. वाचता येत नाही, तपासणी हवी, असं स्पष्ट सांगा आणि तसा लेखी अर्ज मंडळाकडेही द्या. मूल सोळाच्या पुढचं असेल आणि गुन्हा घोर असेल, तर मंडळ त्याची मानसिक क्षमताही पाहतं. तिथे या अर्जाचं वजन फार.

पोलिसांकडे कुठलाही कागद पुढे आला, तर तो मुलाला मोठ्यानं वाचून दाखवा, असं पोलिसांनाच सांगा. मग 'काय कळलं?' ते त्याच्याच शब्दांत विचारा. न वाचता येणारी मुलं लाजेपोटी मान डोलावतात. हे मी पुनःपुन्हा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो.

तपासणीला एक खेप पुरत नाही. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. मुंबईत सायन रुग्णालयात हे होतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो.

शाळेनं दाखला हातात ठेवला तर घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. त्या मुलाच्या आईनं हेच मुख्याध्यापकांना सांगितलं, आणि सोमवारी त्याला वर्गात नेऊन बसवलं.