‘मी काही चोरलं नव्हतं’: ग्राहकाची तक्रार दुकानाने कशी तपासावी

ग्राहक दुसऱ्या दिवशी फोन करतो, नाहीतर घरच्या दोघांना घेऊन दुकानात येतो. “काल तुमच्या माणसाने सगळ्यांसमोर माझी बॅग उघडायला लावली. मी काही चोरलं नव्हतं.” अशा वेळी मॅनेजरच्या मनात दोनपैकी एक विचार येतोच: ‘पकडले गेले की सगळे असंच म्हणतात’, किंवा ‘सिक्युरिटीने पुन्हा घोळ घातला’. दोन्ही बाजूला ठेवा. शंका घ्यायलाच हवी, पण जितकी ग्राहकाच्या सांगण्यावर तितकीच आपल्या माणसाच्या सांगण्यावर. कपडे, बोलण्याची पद्धत, चढलेला आवाज, डोळ्यांतलं पाणी यांवरून काहीच ठरत नाही. निर्दोष माणूसही थरथर कापतो आणि सराईत माणूस शांत बसून राहतो.

आधी फुटेज वाचवा

डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची) हार्ड डिस्क भरली की जुन्या फुटेजवर नवं चढतं. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर हे काही दिवसांतच होतं. म्हणून तक्रार आली त्याच दिवशी प्रवेशद्वार, संबंधित रॅक, बिलिंग काउंटर आणि बाहेरचं गेट या चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काढून घ्या. ग्राहक आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं सगळं घ्या, फक्त ‘तो क्षण’ नको. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करू नका, मूळ फाइल एक्स्पोर्ट करा. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास कोड) लिहावी लागते.

मग घड्याळं जुळवा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. डीव्हीआरचं लाइव्ह चित्र उघडा, शेजारी मोबाइलवरची वेळ धरा आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढा. बिलिंगच्या कॉम्प्युटरचंही तसंच करा. समजा डीव्हीआर सात मिनिटं पुढे आहे. ग्राहकाचं बिल १८:४२ ला निघालं, पण फुटेजमध्ये तोच ग्राहक काउंटरवरून पिशवी उचलतो तेव्हा कोपऱ्यात १८:४९ दिसतं. १८:४९ चं बिल शोधलं तर ते दुसऱ्याच कोणाचं निघतं आणि आपण छातीठोकपणे सांगतो, ‘यांनी बिल केलंच नाही.’ हा फरक न काढता काढलेला कोणताही निष्कर्ष धरू नका.

दोघांचं म्हणणं वेगवेगळं लिहून घ्या

फुटेज दाखवण्याआधी ग्राहकाचं आणि थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याचं म्हणणं वेगवेगळ्या खोलीत घ्या. आधी फुटेज दाखवलं की माणूस पाहिलेलंच आठवल्यासारखं सांगतो. ग्राहकाला तपासता येतील असे प्रश्न विचारा: किती वाजता आलात, बॅगा काउंटरवर ठेवल्या का, टोकन होतं का, कोणत्या काउंटरवर बिल केलं, रोख की यूपीआय, ती वस्तू आधीच तुमची होती का. अर्धवट वापरलेली लिपस्टिक किंवा मागच्या महिन्यात घेतलेली ओढणी घेऊन दुकानात येणं हा गुन्हा नाही. वस्तूवरचा बॅच नंबर, घासलेलं झाकण, जुनं बिल यांवरून ते कळतं.

कर्मचाऱ्याला मात्र एकेका पायरीचा हिशेब मागा. ग्राहक रॅकजवळ येताना दिसला का? वस्तू उचलताना दिसला का? ती बॅगेत किंवा कपड्यांत जाताना प्रत्यक्ष दिसली का? त्यानंतर ग्राहक एकदाही नजरेआड झाला का? बिलिंग ओलांडून पुढे गेला का? या साखळीतली एक कडी तुटली तरी संशय उरतो, आरोप टिकत नाही. नेहमी तुटते ती चौथी कडी. ट्रायल रूममध्ये किंवा खांबामागे गेलेला माणूस तीच वस्तू पलीकडच्या रॅकवर टाकून देऊ शकतो. म्हणून त्या संध्याकाळच्या आवराआवरीत ती वस्तू दुसऱ्याच रॅकवर सापडली होती का, हे फ्लोअरवरच्या मुलांना जरूर विचारा.

गेट वाजलं म्हणजे काय झालं?

गेटचा बीप फार तर एवढंच सांगतो की जवळपास एक चालू टॅग (मालाला लावलेलं, बंद न झालेलं सुरक्षा लेबल) आहे. चालू टॅग म्हणजे चोरी नव्हे. भारतात मुख्यतः दोन प्रकारची गेट्स दिसतात, ५८ किलोहर्ट्झची अकूस्टो-मॅग्नेटिक आणि ८.२ मेगाहर्ट्झची आरएफ (रेडिओ लहरींवर चालणारी). दुसऱ्या दुकानात घेतलेल्या बुटाच्या तळव्यात किंवा जॅकेटच्या शिवणीत त्याच फ्रिक्वेन्सीचं लेबल राहिलं असेल तर तुमचं गेट वाजतं. कॅशियरने लेबल डिॲक्टिव्हेटरवरून (लेबल बंद करणाऱ्या यंत्रावरून) घाईघाईत फिरवलं, चार वस्तू एकावर एक ठेवून एकदमच सरकवल्या, किंवा कंपनीचं आतलं लेबल आणि दुकानाचं बाहेरचं अशी दोन असताना एकच बंद केलं, तरी गेट वाजतं. दोघं एकदम बाहेर पडले तर टॅग कोणाकडे होता हेही कळत नाही. आरएफ गेट तर वायरच्या गुंडाळीनेही वाजू शकतं. म्हणून तीच पिशवी, तेच बूट घेऊन गेटमधून एकेक वस्तू पुन्हा न्या आणि नेमकं काय वाजतं ते लिहून ठेवा.

‘पैसे दिले होते’ असं ग्राहक म्हणत असेल तर

फक्त छापलेल्या बिलावर थांबू नका. बिलिंगच्या नोंदीत होल्डवर ठेवलेलं बिल, स्कॅन करून काढलेली वस्तू, चुकून एकऐवजी दोन पडलेली संख्या हे सगळं दिसतं. यूपीआयबाबत स्क्रीनशॉट पुरावा मानू नका, कारण बनावट ॲपवर तो सहज तयार होतो. पण लगेच खोटं ठरवूही नका. खात्यातून पैसे वजा होतात आणि दुकानाला खात्रीचा संदेश येतच नाही, असं खरंच घडतं. ग्राहकाकडून १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) घ्या आणि बँकेच्या सेटलमेंट रिपोर्टशी (दुकानाच्या खात्यात जमा झालेल्या पैशांच्या यादीशी) ताडून पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत. ग्राहकाच्या खात्यात रक्कम परत आली असेल, तर त्याने पैसे दिले असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं, हे मान्य करा.

‘बिल करायचं राहून गेलं’ हेही एक वेगळंच उत्तर आहे. कडेवर मूल, फोन कानाला, ट्रॉलीच्या तळाशी तेलाचा डबा. कायद्याने चोरीसाठी अप्रामाणिक हेतू लागतो. वस्तू उघड्यावर होती की मुद्दाम लपवलेली, टॅग तोडलेला होता का, बाकीच्या मालाचं बिल केलं होतं का, हे पाहा.

ग्राहक खोटं बोलतोय असं ठरलं तरी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार दुकानात एखाद्याला खासगी व्यक्तीने पकडायचं, तर डोळ्यांसमोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा हवा. पकडलं तर विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. खोलीत डांबून ठेवलं, जबरदस्तीने झडती घेतली, ‘दहापट भरा नाहीतर पोलीस बोलावतो’ म्हटलं, की तक्रारदार दुकान राहत नाही. बेकायदा कैद आणि खंडणी ही कलमं आपल्यावर येतात. दबावाखाली लिहून घेतलेल्या माफीनाम्याला कोर्टात किंमत नसते. बाई असेल तर बोलायला बाईच पाठवा, आणि तिनेही बॅग स्वतः न उघडता ‘दाखवाल का?’ असंच विचारायचं.

उत्तर लेखी द्या. अमुक वेळेच्या फुटेजमध्ये अमुक दिसतं, बिलात अमुक नाही, इतकंच. ‘चोर’ हा शब्द वापरू नका आणि फुटेज कोणालाही फॉरवर्ड करू नका.

पुरावा दोन्हीकडे अपुरा असेल तर प्रकरण सिद्ध झालेलं नाही असं ग्राहकाला स्पष्ट सांगा आणि तिथेच थांबा. ग्राहकाचं खरं निघालं, तर ज्यांच्यासमोर थांबवलं त्यांच्यासमोर माफी मागा, माफीचं पत्र द्या आणि ज्या कडीत चूक झाली, ती कॅशियरची असो, गेटची असो की घड्याळाची, ती पत्रात लिहा. आणखी एक काम बहुतेक दुकानं विसरतात. त्या संध्याकाळी ग्राहकाचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लक्ष ठेवा’ म्हणून गेलेला असतो. तो ग्रुपमधून आणि प्रत्येकाच्या गॅलरीतून त्याच दिवशी काढून टाका आणि शेजारच्या शाखेत पाठवला असेल तर तिथे फोन करून काढायला लावा.